स्प्रिंगचं वय राउंडावर नव्हे, पंचांगावर मोजा

कुठल्याही परदेशी पिस्तुलाची माहितीपुस्तिका उघडा. स्प्रिंग कधी बदलायची याचं उत्तर गोळ्यांच्या हिशेबात दिलेलं असतं. मोठ्या पिस्तुलाची रिकॉइल स्प्रिंग तीन ते पाच हजार राउंडांनी बदला, कमरेला लपेल अशा लहान पिस्तुलाची त्याच्या निम्म्याने किंवा त्याहूनही लवकर. सुट्टीच्या दिवशी रेंजवर जाऊन शे-दोनशे राउंड उडवणाऱ्या अमेरिकन माणसाला हा हिशेब ठीक आहे. बारामती-इंदापूरच्या परवानाधारकाने तो धरला तर एकच स्प्रिंग नातवापर्यंत पुरेल. एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवायची आणि वर्षाला किती विकत घ्यायची, हे आपल्या परवान्यावर लिहिलेलं असतं, आणि घेतलेली काडतुसंही बहुतेकांच्या डबीत तशीच पडून असतात. वर्षानुवर्षं पिस्तूल बाळगून पन्नास राउंडही न झाडलेली माणसं आपल्या भागात सहज भेटतील.

तरीही स्प्रिंगा जातात. झाडून नव्हे, पडून जातात. घामाने, दमट कापडी कव्हराने, चुकीच्या तेलाने, निवडणुकीत ठाण्यात जमा राहून, आणि हो, दसऱ्याच्या हळदीकुंकवाने. म्हणून आपल्याकडे देखभालीचं वेळापत्रक काडतुसांच्या डबीवरून ठरवू नका, भिंतीवरच्या कॅलेंडरवरून ठरवा.

आधी आपल्या हातात काय आहे ते पाहू. ९ एमएम हे प्रतिबंधित बोअर, ते सामान्य नागरिकाला मिळत नाही. त्यामुळे आपल्याकडे पिस्तूल म्हणजे .३२, अर्थात ७.६५ एमएम. ब्राउनिंगच्या पिस्तुलासाठी १८९९ साली आलेलं हे काडतूस. नवं पिस्तूल घेतलेल्यांकडे इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं ‘अशनी’ असतं. आयात बंद होण्याआधी आलेली किंवा वडिलांच्या माघारी वारसाने आपल्या परवान्यावर चढवून घेतलेली वॉल्थर, ब्राउनिंग, वेब्ली अशी जुनी पिस्तुलंही घरोघरी आहेत. वॉल्थर पीपी हे मॉडेल १९२९ चं आहे. अशा पिस्तुलातली स्प्रिंग कधी बदलली याची कुणालाच माहिती नसेल, तर ती मूळचीच आहे असं धरून चाला आणि पहिलं काम म्हणून सगळ्या स्प्रिंगा तपासून घ्या.

या .३२ पिस्तुलांत बहुधा नळी आणि स्लाइड यांना एकमेकांत अडकवणारी रचना नसते. गोळी सुटते त्या क्षणी स्लाइडला मागे उडण्यापासून दोनच गोष्टी धरून ठेवतात: तिचं स्वतःचं वजन आणि रिकॉइल स्प्रिंगचा जोर. स्प्रिंग थकली की स्लाइड वेळेआधी आणि जास्त वेगाने मागे येते, फ्रेमवर आदळते, आणि परत पुढे जाताना तिच्यात पुढचं काडतूस नळीत नीट बसवण्याइतका दम उरत नाही. त्यात पिस्तूल जितकं लहान तितकी स्प्रिंग आखूड. कमी अंतरात तेवढंच काम करायचं म्हणून ती जवळजवळ वेढ्याला वेढा टेकेपर्यंत दाबली जाते आणि पोलाद आपल्या लवचिकतेच्या मर्यादेजवळ राबतं. लहान पिस्तुलाची स्प्रिंग लवकर बदला असं सांगतात ते यामुळे.

स्प्रिंग फक्त एकच नसते. मॅगझिनमधली काडतुसं वर ढकलणारी, घोड्याला किंवा फायरिंग पिनला जोर देणारी, रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची, चापाची, मॅगझिनच्या खटक्याची, अशा पाच-सहा तरी असतात. लोक रिकॉइल स्प्रिंगची काळजी करतात, पण न वापरलेल्या पिस्तुलात आधी दगा देतं ते बहुतेक वेळा मॅगझिन किंवा एक्स्ट्रॅक्टर. एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग तर तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठी नसते. तिच्यावर गंज चढला तर वरून दिसतसुद्धा नाही.

मॅगझिन भरून ठेवलं तर स्प्रिंग मरते का, हा प्रश्न हमखास येतो. चांगल्या पोलादाची स्प्रिंग मर्यादेत दाबून ठेवली तर त्याने फारशी थकत नाही. दाबणं-सोडणं पुन्हा पुन्हा झालं की थकते. पण लहान पिस्तुलाचं मॅगझिन ठासून भरलं तर स्प्रिंग त्या मर्यादेच्या अगदी टोकाला जाते आणि तिथे महिनोन्‌महिने राहिली तर कायमची आखूड होते. म्हणून आठचं मॅगझिन असेल तर सात भरा. दोन मॅगझिन असतील तर त्यांवर रंगाचा ठिपका देऊन आलटून पालटून वापरा. उलट, स्प्रिंग वाचवायची म्हणून रोज रात्री मॅगझिन उपसायचं आणि सकाळी पुन्हा भरायचं, हा मला शुद्ध उपद्व्याप वाटतो. त्यात काडतुसांचंही नुकसान होतं. रोज तेच वरचं काडतूस नळीत चढवून काढलं की त्याची गोळी पुंगळीत किंचित आत सरकते, आणि आत सरकलेल्या गोळीमागे दाब वाढतो. वरचं काडतूस दुसऱ्याशेजारी उभं करून उंची पाहा. बुटकं दिसलं तर ते बाजूला काढा. आणखी एक खोड मोडा: काडतूस हाताने थेट नळीत टाकून वरून स्लाइड सोडू नका. बऱ्याच पिस्तुलांचा एक्स्ट्रॅक्टर त्यासाठी बनवलेला नसतो; त्याची आकडी तुटते.

आता आपल्या हवेकडे येऊ. इंदापूर हा पर्जन्यछायेतला तालुका, त्यामुळे इथे गंजाची भीती कोकणासारखी नाही असं लोक समजतात. पाऊस कमी असला तरी उन्हाळी घाम कमी नाही. शर्टाखाली, बनियनला लागून पिस्तूल बाळगलं की घामातलं मीठ स्लाइडच्या फटीतून आत उतरतं. ते वाळतं, पुन्हा ओलं होतं. नीरेच्या कालव्याखालच्या उसाच्या पट्ट्यात आणि भिगवण-पळसदेवच्या बाजूला उजनीच्या पाणफुगवट्याला लागून हवा कोरडवाहू गावांपेक्षा दमट राहते. गळीत हंगामात कारखान्याच्या परिसरात बगॅसची भुकटी उडते, एमआयडीसीत लोखंडाची. तेल लावलेल्या प्रत्येक वस्तूवर ती बसते आणि तेलाची लापशी होते. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पिस्तूल ठेवणाऱ्याचं तर तेलही उडून जातं. तसं ठेवणं सुरक्षेच्या दृष्टीनेही चूक आहे, पण तो विषय वेगळा.

स्प्रिंगवरचा गंज नळीवरच्या गंजापेक्षा वाईट का, हे समजून घ्या. नळीवर डाग पडला तर ती कुरूप होते, तरी चालते. जुन्या पिस्तुलांतल्या स्प्रिंगा साध्या, जास्त कार्बनच्या पोलादी तारेच्या असतात. तारेवर गंजाने सुईच्या टोकाएवढा खड्डा पडला की दाबताना सगळा ताण तिथे गोळा होतो, तिथून बारीक चीर सुटते आणि एक दिवस वेढा तुटतो. म्हणून स्प्रिंगवरचा गंज पॉलिश पेपरने घासून ती पुन्हा बसवू नका. वरवरची तांबूस छटा तेलाच्या फडक्याने पुसून गेली तर ठीक. खाली खड्डा दिसला तर स्प्रिंग बाद.

तेलाबद्दल दोन स्पष्ट गोष्टी. खोबरेल, शेंगदाण्याचं किंवा कुठलंही खायचं तेल नको. खोबरेल तर डिसेंबरच्या पहाटे गोठतं, आणि ही तेलं हवा लागून चिकट होतात. बंदुकीचं तेल मिळालं नाही तर शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं. तेही थेंबाने, धारेने नव्हे. फायरिंग पिनच्या बोगद्यात आणि मॅगझिनच्या आत तेल ओतू नका. तिथे पुसून घेतल्यावर राहील तेवढा हात पुरे. तिथलं जास्तीचं तेल धूळ धरतं, पिनचा वेग कमी करतं आणि काडतुसाच्या बुडातल्या टोपीत झिरपून तिला मारतं. गंज सोडवायच्या स्प्रेचा फवारा भरलेल्या मॅगझिनवर मारणारे लोक आहेत. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं कोरं काडतूसही त्याने निकामी होऊ शकतं.

निवडणुकीकडे वळू. आपल्या भागात पिस्तुलाला सर्वांत मोठी सुट्टी देते ती आचारसंहिता. २०२४ सालीच पाहा: लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, बारामती मतदारसंघात मतदान ७ मेला झालं आणि निकाल ४ जूनला आला. पुन्हा १५ ऑक्टोबरला विधानसभेची लागली, मतदान २० नोव्हेंबरला आणि निकाल २३ नोव्हेंबरला. ज्यांना छाननी समितीने सूट दिली नाही, त्यांची शस्त्रं त्या वर्षात दोनदा जमा झाली, आणि पहिल्या खेपेला ऐन उन्हाळ्याचे अडीच महिन्यांहून जास्त दिवस पडून होती. ठाण्यात शस्त्राची नोंद होते, ते कुलपात राहतं. त्याला तेलपाणी करणं हे पोलिसांचं काम नाही आणि त्यांनी ते करावं अशी अपेक्षाही धरू नये. जमा करण्याआधी काळजी घेणं आपल्या हातात आहे.

जमा करायच्या आदल्या दिवशी पिस्तूल रिकामं करून उघडा, घामाचा डाग पुसा, नळीत आणि स्प्रिंगवर तेलाचा पातळ हात फिरवा. रोजच्यापेक्षा किंचित जास्त चालेल, कारण ते आता वापरायचं नाही. मॅगझिन रिकामं ठेवा, घोडा उतरवलेला ठेवा. चामड्याच्या कव्हरात घालून देऊ नका. कमावलेलं चामडं ओल धरतं आणि त्यातली रसायनं पोलादाला खातात, त्यामुळे कव्हरात दोन महिने पडलेलं पिस्तूल नेमकं कव्हर टेकतं तिथेच गंजतं. तेलाच्या कागदात किंवा तेलकट सुती फडक्यात गुंडाळून, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकून, डब्यात द्या. हवाबंद प्लास्टिकची पिशवी मात्र नको; आत ओल अडकली तर ती बाहेर पडत नाही. शस्त्राचा क्रमांक, मॅगझिनची संख्या आणि काडतुसांची संख्या पावतीवर तिथल्या तिथे वाचून घ्या. परत घेताना ठाण्यात फक्त क्रमांक जुळवा, स्लाइड मागेपुढे खटखटवत बसू नका. उघडायचं काम घरी.

घरी उघडताना क्रम एकच, आणि तो बदलायचा नाही: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून नळीत डोळ्याने पाहायचं, मग बोटाने चाचपायचं. उलट केलं, म्हणजे स्लाइड आधी ओढली आणि मॅगझिन आतच राहिलं, तर स्लाइड पुढे जाताना नवं काडतूस चढवते आणि आपण समजतो पिस्तूल रिकामं. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, मुलं बाहेर, आणि नळीचं तोंड पक्क्या भिंतीकडे. स्प्रिंग सुटून डोळ्यात जाऊ शकते, तेव्हा चष्मा लावा. साधा वाचायचा चष्माही नसण्यापेक्षा बरा.

तपासायचं काय? रिकॉइल स्प्रिंग काढून सपाट काचेवर ठेवा. ती वाकडी झाली आहे का, वेढ्यांमधलं अंतर कुठे दाटलंय का, हे पाहा. मग लांबी मोजा आणि डायरीत मिलिमीटरमध्ये लिहा. नवी स्प्रिंग पहिल्या काही वेळा दाबली की थोडी आखूड होतेच, ते तिचं बसणं. म्हणून पहिली नोंद ती बसल्यावरची धरा. पुढे त्या नोंदीपेक्षा ती दोन वेढ्यांइतकी आखूड झाली तर बदला. हा ठोकताळा आहे, पण वापरात चांगला उतरतो. आपल्या स्प्रिंगची मूळ लांबी माहीत नसेल तर विक्रेत्याकडे त्याच मॉडेलची नवी असली की शेजारी ठेवून पाहा. जोडल्यावर, पिस्तूल रिकामं आहे याची पुन्हा खात्री करून, स्लाइड थोडी मागे ओढा आणि हळूहळू सोडा. ती स्वतःच्या जोराने पूर्ण पुढे बसली पाहिजे. शेवटचे दोन मिलिमीटर अंगठ्याने ढकलावे लागत असतील तर दोष स्प्रिंगचा असेल किंवा आतल्या घाणीचा. साफ करूनही तेच झालं तर स्प्रिंगचाच.

मॅगझिनचं पाहणं सोपं. आतला फलाट बोटाने दाबून सोडा. मध्येच तिरपा होऊन अडकला किंवा आळसाने वर आला तर आत घाण आहे किंवा स्प्रिंग संपली. शेवटचं काडतूस नाक खाली करून बसत असेल तर मॅगझिनची स्प्रिंग बदलायची वेळ झाली. घोड्याच्या किंवा फायरिंग पिनच्या स्प्रिंगची खरी परीक्षा रेंजवरच होते: काडतूस उडालं नाही आणि बुडावरचा ठसा उथळ दिसला तर तिचा जोर कमी आहे किंवा बोगद्यात जुनं तेल घट्ट झालंय. अशा न उडालेल्या काडतुसाची घाई करू नका. नळी निशाण्याकडे धरून निदान अर्धं मिनिट थांबा, मग काढा. जुन्या पिस्तुलाचा चाप घरी रिकामा टकटक दाबू नका, पिन तुटते. सराव करायचाच तर प्लास्टिकची नकली काडतुसं घालून करा.

कॅलेंडरवर याच्या चार खुणा करा. मृग लागायच्या आत एकदा पूर्ण उघडून साफ करा. गौरी-गणपतीच्या सुमारास दमट हवेसाठी फक्त पुसून पाहा. तिसरी खूण दसऱ्याची. आपल्याकडे शस्त्रपूजेला पिस्तूल पाटावर येतंच, तेव्हा त्याच दिवशी लांबी मोजून डायरीत लिहायची. पूजेबद्दल एक विनंती मात्र आहे. स्लाइडवर हळदीकुंकू, ओलं फूल आणि वर पाण्याचा शिंतोडा, आणि तसंच संध्याकाळपर्यंत ठेवायचं, यासारखं स्प्रिंगचं वाईट करणारं दुसरं काही नाही. कुंकवाची भुकटी फटीतून आत जाते आणि ओलीसकट तिथे चिकटते. हळदीकुंकू डब्याला किंवा कव्हराला वाहा. देव तेवढं समजून घेईल. पिस्तूल अर्थातच रिकामं, काडतुसं पाटावर नकोत. चौथी खूण थंडीत, तीही फक्त रोज बाळगणाऱ्यांसाठी. शिवाय रोज कमरेला लावणाऱ्याने उन्हाळ्यात रात्री कोरड्या फडक्याने आणि आठवड्याला तेलाच्या फडक्याने पुसावं.

बदलण्याची मुदत? रोज अंगावर बाळगत असाल तर मॅगझिनची आणि रिकॉइल स्प्रिंग तीन-चार वर्षांनी, झाडलं नसलं तरी. कपाटातल्या पिस्तुलाची, परवान्याच्या नूतनीकरणासोबत; २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे, त्यामुळे लक्षातही राहतं. यात थोडी घाई आहे असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. स्प्रिंग हा पिस्तुलाचा सर्वांत स्वस्त भाग आहे. ‘अशनी’च्या सुट्या भागांसाठी अधिकृत विक्रेत्याकडे आधीच मागणी नोंदवून ठेवा, आणि जुन्या परदेशी मॉडेलची स्प्रिंग मिळाली तर एकाऐवजी दोन घ्या.

रिव्हॉल्व्हरवाल्यांची यातली बरीच कटकट वाचते. तिथे मॅगझिन नाही, रिकॉइल स्प्रिंग नाही. घोड्याची मुख्य स्प्रिंग आणि चापाची परत आणणारी स्प्रिंग एवढ्यांवर नजर ठेवा, आणि बाजूची प्लेट स्वतः उघडू नका.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जिच्यात चांगली माणसं अडकतात. आपल्या आसपास लेथवाले आणि स्प्रिंगा वळून देणारे कारागीर आहेत, आणि हुशार आहेत. त्यांच्याकडे पिस्तुलाची स्प्रिंग घेऊन जाऊ नका. तार, तिचा उष्णोपचार, वेढ्यांची संख्या यांतलं काहीही चुकलं तर ते झाडल्याशिवाय कळत नाही. शिवाय शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्र बनवायला आणि विकायला लागतो तसाच परवाना ते दुरुस्त करायलाही लागतो. त्या कारागिराकडे तो नसतो, आणि अडचणीत तोही येतो, तुम्हीही. मालक म्हणून साफसफाई तुम्ही करा. भाग बदलणं पुण्यातल्या परवानाधारक दुकानातून करून घ्या आणि पावती जपा. नेताना पिस्तूल रिकामं, काडतुसं वेगळी, मूळ परवाना खिशात. कलम ३ मध्ये दुरुस्तीसाठी परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याने शस्त्र नेण्याची तरतूद आहे, पण ड्रायव्हरच्या हाती चिठ्ठी देऊन पिस्तूल पाठवण्यापेक्षा एक दिवस मोडून स्वतः जा.

स्लाइड ओढायला जड जाते म्हणून स्प्रिंगचे दोन वेढे कापून घेणारे वयस्कर परवानाधारक असतात. जोर हवाच म्हणून ती जड असते. कापलेली स्प्रिंग म्हणजे फ्रेमला हातोडा. हात चालत नसेल तर दुकानदाराशी बोलून रिव्हॉल्व्हरचा विचार करा.

नवी स्प्रिंग घातल्यावर पिस्तूल चालतं का हे पाहायचं तर मान्यताप्राप्त रेंजवर, परवानगी घेऊन. उसाच्या फडात नाही, विहिरीत नाही, आणि लग्नाच्या वरातीत तर मुळीच नाही. आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत, आणि परवाना जातो तो वेगळाच. बसवल्यानंतर निदान दोन मॅगझिन न अडखळता चालली तरच ती स्प्रिंग कामाची समजा. चालली नाहीत तर पिस्तूल घरी न आणता त्याच दिवशी पुन्हा दुकानात द्या.